मुलाखतीतला एक प्रश्न



तुमच्यापैकी पुष्कळ जण आता आपल्या हाताने अर्ज लिहू लागले आहेत. फार आनंदाची गोष्ट! अर्ज गेला की मुलाखतीचे बोलावणे येते. तेथे नाव, गाव, शिक्षण विचारतात. ते सांगणे सोपे. पण एका प्रश्नाला माणसे अडखळतात. "आणखी कोठे अर्ज केला आहे का?"

हा प्रश्न ऐकला, की चोरी पकडल्यासारखे तोंड होते. का बरे? पोटासाठी चार दारी जाणे ही चोरी नव्हे. मुलीच्या लग्नासाठी आपण चार स्थळे पाहतोच ना? नोकरीचेही तसेच.

हा प्रश्न का विचारतात, ते समजून घ्या. शाळेत शिपाई नेमायचा असे, तेव्हा मुख्याध्यापक म्हणून मी मुलाखतीला बसत असे. आम्ही दोन गोष्टी पाहत असू. माणूस टिकेल का? आणि खरे बोलतो का? नव्या माणसाला काम शिकवावे आणि त्याने महिन्यात निघून जावे, हे कोणालाच परवडत नाही.

समजा, गावच्या डेअरीत दूध मोजून घ्यायला माणूस हवा आहे. चौघे आले.

पहिला म्हणाला, "छे, छे! कुठंच नाही." पण शेजारच्या गावी त्याचा अर्ज होता. खेड्यात अशी गोष्ट किती दिवस झाकणार?

दुसरा म्हणाला, "सगळीकडं केलाय. मिळेल ते करीन." याला हे काम हवे की कोणतेही, ते कळेना.

तिसरा म्हणाला, "साखर कारखान्यात मला घेणारच आहेत. तुमचं काय ते लवकर सांगा." ही तर धमकीच झाली!

चौथ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "होय साहेब. पशुखाद्याच्या दुकानातही अर्ज दिलाय. पण घरी दोन म्हशी आहेत, दुधाची पारख आहे. हिशेब लिहिता येतो. डेअरी जवळ आहे, पहाटे वेळेवर येईन. म्हणून हेच काम मिळावं असं वाटतं."

बाई खरे बोलल्या, थोडक्यात बोलल्या. हेच काम का हवे, तेही सांगितले. दुकानदाराचे नाव सांगितले नाही. त्याची गरजही नव्हती.

पुढे कोणी विचारील, "दोन्हीकडून बोलावलं तर?" तेव्हा सांगावे, "विचाराला दोन दिवस द्या. एकदा होय म्हटलं, की दुसरीकडं नाही म्हणून कळवीन." आणि तसेच वागावे. होकार देऊन तुम्ही गेला नाहीत, तर दुसऱ्या गरजवंताची जागा अडते.

सरकारी भरतीत मात्र नियम पाहावे लागतात. २०२४ सालच्या पोलीस शिपाई भरतीत एका पदासाठी एकच अर्ज करायचा होता. दोन जिल्ह्यांत अर्ज करण्याची मुभा नव्हती. जो आधीच सरकारी नोकरीत आहे, त्याला दुसरीकडे अर्ज करताना आपल्या कार्यालयाला कळवून परवानगी घ्यावी लागते. तेथे लपवाल तर मिळालेली नोकरीही जाईल. म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. "वरील माहिती खरी आहे" या ओळीखाली आपली सही असते. अंगठा उठवण्याचे दिवस गेले. आता सही करण्यापूर्वी वाचणे आपल्या हाती आहे.

उद्या येताना या प्रश्नाचे आपले उत्तर तीन वाक्यांत लिहून आणा. मग ते मोठ्याने वाचा. खरे उत्तर वाचताना जीभ अडखळत नाही.