नवी बॅटरी घेण्याआधी

आज बोलायचंय गाडीच्या बॅटरीबद्दल. हसू नका. पापड, मसाले, भाजी बाजारात न्यायला आता बऱ्याच गटांकडे छोटा टेम्पो आहे. हप्ता आपण भरतो, डिझेल आपण टाकतो. मग बॉनेट उघडलं की मागं का सरायचं?

आमच्या गटाची गाडी आठवड्यातून दोनदाच निघते, मंगळवारी आणि शनिवारी. दिवाळीनंतर ती शनिवारी चालूच होईना. चावी फिरवली की नुसतं टकटक वाजायचं. चौघी मिळून धक्का मारायचो. बाजारात पोचेपर्यंत मोक्याची जागा गेलेली असायची. बॅटरी जुनी होती, म्हणून गटाच्या बचतीतून नवी घेतली. पहिला आठवडा बरा गेला, दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच.

मग बैठकीत बोलणी सुरू झाली. एक म्हणाली, दुकानदारानं फसवलं. दुसरी म्हणाली, "गाडी चालवणारी दिवा चालू ठेवते, दुसरं काय?" आमच्यात लायसन्स एकीकडंच. तिनं चावी सतरंजीवर ठेवली आणि म्हणाली, "मग उद्यापासून दुसरी बघा." मी समन्वयक असून गप्प बसले. ते मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गाडी घेऊन तालुक्याला इलेक्ट्रिशियनकडं गेलो. त्यानं काय केलं ते नीट ऐका, तुमच्याही कामी येईल.

आधी बॅटरीची टोकं बघितली. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल किंवा क्लिप हलत असेल, तर चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घासायचं, पुसून कोरडं करायचं, क्लिप घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावायचं. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत मात्र जाता कामा नये. क्लिप काढताना आधी वजा चिन्हाची काढायची, लावताना तीच शेवटी लावायची.

मग मीटर लावला. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. चालू गाडीतही आकडा बारावरच राहिला, तर बॅटरी भरलीच जात नाही. दोष अल्टरनेटरचा नाही तर त्याच्या पट्ट्याचा असू शकतो. आमचा आकडा बरोबर आला. म्हणजे बॅटरी भरत होती, पण उभ्या गाडीत गळत होती. गळक्या माठासारखी.

मग त्यानं चावी काढली, दारं लावली, वजा चिन्हाची वायर सोडली आणि त्या वायरीच्या नि बॅटरीच्या मध्ये बारा व्होल्टचा छोटा बल्ब जोडला. सगळं बंद असताना बल्ब मिणमिणत होता! एकेक फ्यूज काढून पाहिला, तरी तो विझेना. शेवटी बॅटरीवरून थेट गेलेली एक जादा वायर सापडली. ती सीटखाली गेली होती, भोंग्याच्या मशीनकडं. हा भोंगा दिवाळीत माल विकायला आम्ही सगळ्यांनी ठराव करून बसवला होता. त्याचा बारीक लाल दिवा रात्रंदिवस जळत होता.

हिशोब करा. मशीननं पाव अँपिअर ओढला, तरी दिवसाला ६ अँपिअर-तास जातात, चार दिवसांत २४. बॅटरी ३५ची. मग राहिलं काय? असं वारंवार पूर्ण उतरल्यानं नवी बॅटरीही लवकर खराब होते. त्यानं भोंग्याची वायर चावीच्या स्विचवर घेतली आणि मध्ये फ्यूज टाकला. त्यानंतर धक्का मारायची वेळ आली नाही.

आणखी थोडं लक्षात ठेवा. झाकणाची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पाणी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही, आणि ॲसिड तर नाहीच. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ काडी, विडी नको. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर धूत राहा आणि दवाखाना गाठा. नवी बॅटरी घेताना वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. जुनी भंगारात फोडू देऊ नका, आत विषारी शिसं असतं. ती दुकानदाराला परत द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर त्या ताईची माफी मागितली आणि ती इतिवृत्तात लिहिली. चावी तिच्या हातात परत दिली. आता आमच्या गाडीत एक मीटर असतो, आणि तो लावायला आम्ही पाचजणी शिकलोय. बॅटरी उतरली तर आधी मीटर लावा, माणसावर बोट नंतर.