पेटीतील माश्या तापट झाल्या तर
(कळंब, जि. यवतमाळ येथे शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी ज्यांनी नुकतीच मधपेटी आणून वावराच्या धुऱ्यावर ठेवली आहे, त्यांच्यासाठी आजचे हे बोलणे आहे. पहिले काही आठवडे बरे जातात. मग एके दिवशी झाकण काढताच माश्या अंगावर येतात, बैल बिथरतात, शेजारी तक्रार करतो आणि घरचे म्हणतात, ही ब्याद काढून टाका. काही जण रात्री पेटीत औषध फवारून वसाहतच मारतात. तसे करू नका. त्यात मध तर जातोच, शिवाय तूर, कांदा, सूर्यफुलाच्या फुलांवर फिरणाऱ्या माश्याही जातात. तापटपणा हे बहुतेक वेळा कशाचे तरी लक्षण असते. आधी कारण शोधा, मग उपाय करा.

एक गैरसमज प्रथम दूर करू. उंच झाडावर उघडे पोळे बांधते ती आग्या माशी. तिच्या भीतीने आपण सगळ्याच माश्यांना आग्या समजतो. आग्या पेटीत पाळता येत नाही. पेटीत पाळतात त्या सातेरी आणि मेलीफेरा. या दोन्ही तुलनेने शांत आहेत. त्या एकाएकी चिडू लागल्या, तर काहीतरी बदलले आहे असे समजावे.

कारणे आणि उपाय

१) फुलोरा संपणे : आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास तूर फुलू लागते. पुढे करडई, कांदा बियाणे, पळस, निंब अशी फुले गुढीपाडव्यापुढेपर्यंत मिळतात. मेचे कडक ऊन आणि त्यानंतरची पावसाची झड या काळात माश्यांना काम नसते. साठा थोडा उरतो आणि त्या तो जिवापाड राखतात. अशा वेळी एक लिटर पाण्यात एक किलो साखर विरघळवून थंड पाक पेटीच्या आत, दिवेलागणीला द्यावा. पाक बाहेर सांडू नये. सांडल्यास दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. दारावर मारामारी व मेणाचा भुगा दिसला, तर लूट चालू आहे असे समजून दार एक-दोन माश्या जातील एवढेच ठेवावे.

२) राणी नसणे : पेटीतून अस्वस्थ घूंघूं आवाज येतो. चौकट उन्हाकडे धरून घरांच्या तळाशी पाहावे. उभी, बारीक, पांढरी अंडी दिसली, तर गेल्या तीन दिवसांत राणी तेथे होती. अंडी, कोवळ्या अळ्या व राणीघर यांपैकी काहीच नसेल, तर त्याच जातीच्या दुसऱ्या वसाहतीतील ताज्या अंड्यांची चौकट द्यावी. माश्या त्यातून नवी राणी तयार करतात.

३) शत्रू : मुंग्या, गांधीलमाश्या आणि पोळे खाणारी मेणपतंगाची अळी यांच्या त्रासाने माश्या सतत सावध राहतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. रिकामी, जुनी पोळी काढून टाकावीत.

४) ऊन आणि फवारणी : उन्हाळ्यात पेटी सावलीत असावी व जवळ पाण्याचे उथळ भांडे असावे. पऱ्हाटीवर फवारणी झाल्यावर दारापुढे मेलेल्या माश्यांचा सडा दिसतो, आणि उरलेल्या माश्या चिडतात. शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. फुलावर आलेल्या पिकात फवारणी टाळावी. अगदीच भाग असेल, तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी.

पेटी उघडताना

ढगाळ, वादळी हवेत किंवा अंधार पडल्यावर पेटी उघडू नये. निरभ्र सकाळी, माश्या बाहेर कामावर असताना उघडावी. फिकट रंगाचे, सैल कपडे व तोंडावर जाळी असावी. काळे किंवा लोकरी कापड आणि अत्तर नको. स्मोकरमध्ये गोवरी किंवा नारळाची शेंडी पेटवून दारावर थंड धुराचे दोन-तीन झोत द्यावेत, दोन मिनिटे थांबावे, मग झाकण सावकाश उचलावे. माशी चिरडू देऊ नये. डंखाबरोबर जो वास सुटतो, तो इतर माश्यांना हल्ल्याची हाक असते. म्हणून डंख झालेल्या जागी लगेच धूर द्यावा. सातेरीला वारंवार छेडले तर ती पेटी सोडून जाते, म्हणून कारणाशिवाय उघडू नये.

फारच तापट वसाहत तपासायची असेल, तर भर उडण्याच्या वेळी पेटी दहा-पंधरा पावले बाजूला न्यावी. जुन्या जागी एका पोळ्यासह रिकामी पेटी ठेवावी. कामावरच्या वयस्क, रागीट माश्या तिकडे परततात. तासाभराने मूळ पेटीत मुख्यतः तरुण, शांत माश्या उरतात. तेव्हा तपासणी करावी आणि संध्याकाळी पेटी जागेवर आणावी.

राणी बदलणे

सारे ठीक असूनही वसाहत महिनोन्महिने तापटच राहिली, तर दोष वंशात आहे. ब्राझीलमध्ये १९५६ साली आफ्रिकेतून राण्या आणल्या. १९५७ साली त्यांच्या काही वसाहती निसटल्या आणि पुढे खंडभर तापट संतती पसरली. स्वभाव असा राणी व नरांकडून उतरतो. म्हणून जुनी राणी काढून शांत वसाहतीतील राणी द्यावी. कामाच्या हंगामात कामकरी माशी साधारण सहा आठवडे जगते, म्हणून दोन महिन्यांत स्वभाव बदललेला दिसतो. हे काम प्रथम जाणकारासोबतच करावे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या विषयाचे काम करते.

माणसे आणि जनावरे

पेटी गोठा, विहीर, पायवाट आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवावी. बांधलेल्या बैलाला पळता येत नाही, हे विसरू नये. माश्या मागे लागल्या तर हात झाडू नका, विहिरीत उडी टाकू नका. चेहरा झाकून, न थांबता, बंद खोली गाठा. डंख नखाने ताबडतोब खरवडून काढा. अंगावर गांधी उठल्या, चेहरा किंवा घसा सुजला, दम लागला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपचारात एक मिनिटही न घालवता रुग्णालयात न्यावे. अशा माणसाचा जीव धोक्यात असतो.

शेवटी एक विनंती. पेटीजवळ एक वही ठेवा. माश्या कोणत्या दिवशी चिडल्या, हवा कशी होती, शिवारात काय फुलले होते आणि कोठे फवारणी झाली, एवढे लिहा. एका वर्षात ती वही तुम्हाला तुमच्या गावच्या माश्यांचा स्वभाव सांगेल.