गप्प झडपेची साक्ष

कुकरची शिट्टी रोज वाजते, म्हणून तिचा भरवसा. कारखान्यातली सुरक्षा-झडप वर्षानुवर्षे गप्प असते. ती गरज पडली नाही म्हणून, की गंजून चिकटली म्हणून?

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ५८१ क्रमांकाच्या पद्धतीने आम्ही संगणकात जोखमीचा हिशेब मांडतो, तेव्हा प्रत्येक झडप ती राखते त्या टाकीशी जोडतो आणि दोन खाती ठेवतो: वेळेला न उघडणे व अवेळी गळणे.

पण हिशेबाचा खरेपणा तपासणीच्या नोंदीत असतो. उतरवलेली झडप न पुसताच आधी दाब देऊन पाहावी. साफसूफ केल्यावर ती बहुधा उघडतेच. संगणक बिचारा ती ग्वाही खरी मानतो आणि पुढची तपासणी लांबवतो. मग प्रसंग येतो तेव्हा टाकीशेजारी माणसे उभी असतात. म्हणून झडप चिकटली असेल, तर ‘चिकटली’ असेच लिहावे.