निळ्या पँटची शिलाई



मागच्या वर्गाला एका बाईंनी आम्हांला विचारले, "गुरुजी, पोरगा मुंबईला जीन शिवायला जातो म्हणतो. धाडू का नको?" आम्ही म्हटले, बाई, आधी पाहून येतो, मग सांगतो.

म्हणून आम्ही घाटकोपरला गेलो. तिथून मेट्रोगाडीने दुसरे स्टेशन असल्फा. टेकडीवर घरे एकावर एक चढत गेली आहेत. त्यांतल्या एका गल्लीत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर एक खोली, चार यंत्रे आणि एक लांब टेबल. टेबलावर निळ्या कापडाचा तागा होता.

या कापडाला डेनिम म्हणतात. त्याचा ताणा निळा आणि बाणा पांढरा असतो. वीण तिरकी असते. म्हणून कापड वरून निळे आणि आतून पांढरट दिसते. नीळ धाग्याच्या गाभ्यात शिरत नाही, वरवर बसते. त्यामुळे जिथे घासेल तिथे पांढरे पडते. गुडघ्यावर आधी पडते, बरे का.

हे कापड परदेशी, असे तुम्ही म्हणाल. डेनिम हे नाव फ्रान्समधल्या नीम या गावावरून पडले, असे मानतात. पण मुंबईत बंदराजवळ डोंगरी नावाची वस्ती आहे. पूर्वी तिथे जाडेभरडे सुती कापड विकले जाई. त्याला डुंगरी म्हणत. गोरे खलाशी त्याच्या विजारी घालू लागले. इंग्रजीतला डंगरी हा शब्द तिथूनच गेला. आपल्या डोंगरीचे नाव साऱ्या जगात कामकऱ्याच्या कपड्याला लागले आणि आपल्यालाच ते ठाऊक नाही!

आता खिशाच्या कोपऱ्यावर तांब्याची टिकली असते, ती कां? अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी होता. एक बाई त्याच्याकडे आली. तिचा नवरा लाकूडतोड्या. "त्यांची विजार टिकतच नाही, मजबूत शिवून द्या," म्हणाली. शिंपी घोड्यांच्या झुलीही शिवत असे. झुलीच्या पट्ट्यांना ठोकायच्या टिकल्या त्याने खिशाच्या कोपऱ्यांवर ठोकल्या. खिसा फाटेना. पुढे १८७३ साली लेव्ही स्ट्रॉस या कापडवाल्याबरोबर त्याने या युक्तीचा सरकारी हक्क मिळवला. लक्षात घ्या, टिकली शोभेची नव्हती. कापड कुठे फाटते ते त्या शिंप्याला ठाऊक होते.

आमचा विद्यार्थीही तसाच. कोरे कापड आकसते. म्हणून तो आधी हातभर चौकोनी तुकडा कापतो, मोजतो, भिजवतो, वाळवतो आणि पुन्हा मोजतो. जेवढे कमी भरेल तेवढे मापात वाढवून मग खडूने आखतो. कातर नंतर. पायाची शिवण दुमडून दोनदा मारतो. जिथे चार-सहा पदर एकत्र येतात, तिथे यंत्राची सुई मोडते. तिथे आधी हातोडीने ठोकून पदर चपटे करतो. शिंप्याच्या हातात हातोडी पाहून आम्हांला हसू आले. तो म्हणाला, "गुरुजी, सुईचे पैसे तुम्ही भरा, मग हसा."

पण हे सारे त्याला सुरुवातीला येत नव्हते. तो सातवीतून शाळा सोडून गेला होता. एका मोठ्या कारखान्यात तीन वर्षे त्याने फक्त मागचे खिसे जोडले. मजुरी नगावर. किती नग झाले ते मुकादम लिहील तेवढे खरे, कारण याने स्वतःची वही ठेवली नव्हती. पुढे तो कारखाना बंद पडला. नवे काम मागायला गेला, तर "पूर्ण पँट येते का?" असे विचारीत. येत नव्हती. शेवटी त्याने एक जुनी पँट विकत घेतली, टाका टाका उसवली, प्रत्येक तुकडा कागदावर आखला आणि पुन्हा शिवली. तीनदा उसवली म्हणाला.

आज त्याच्याकडे दोन मुले शिकतात. दोघांना कापण्यापासून काजापर्यंत सारे करावे लागते. भिंतीला वही टांगलेली आहे. संध्याकाळी नग मोजून जो तो स्वतः आकडा लिहितो.

एक गोष्ट मात्र ऐकून ठेवा. नवी पँट जुनी दिसावी अशी हौस हल्ली लोकांना आहे. त्यासाठी काही देशांत कापडावर जोराच्या हवेने वाळू मारीत. ती धूळ छातीत बसून फुप्फुसे निकामी होतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. तुर्कस्तानात कित्येक तरुण कामगार त्याने गेले, तेव्हा २००९ साली तिथल्या सरकारने ही रीत बंद केली. कुणी मुलाला वाळूच्या कामावर बसवू लागला, पगार दुप्पट देतो म्हणाला, तरी त्याने उठून यावे.

आमच्या विद्यार्थ्याने पोराला घ्यायचे कबूल केले आहे. पहिले तीन महिने पैसे थोडे, जेवण त्याच्याकडे. आम्हांला हे पटले. बाई, कारखान्याचा पत्ता आम्ही फळ्यावर लिहितो. तुम्ही तो आपल्या हाताने उतरवून घ्या.