डॉक्टर व्हायचंय? कागदपत्रंही काढायला घ्या

दहावीचा निकाल लागला की घरोघरी नीटच्या क्लासची चौकशी सुरू होते. ती करावीच. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मिळून ७२० गुणांची ही परीक्षा. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा, त्यामुळे अंदाजपंचे गोळे रंगवणं महागात पडतं. आणि निम्मे, म्हणजे ३६० गुण, एकट्या जीवशास्त्राला असतात. पोरं मात्र भौतिकशास्त्राच्या गणितांतच अडकून पडतात.

पण खरी धांदल उडते ती कागदपत्रांपायी. शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. त्यासाठी अधिवास दाखला लागतो, आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर जात वैधता प्रमाणपत्रही. त्यासाठी जात पडताळणी समितीला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जुन्या नोंदी दाखवाव्या लागतात, आणि त्या शोधायला गावच्या शाळेत, तहसीलमध्ये खेटे घालावे लागतात. हे काम अकरावीतच हाती घ्या.

वर्षांचा हिशेबही घरी मांडून ठेवा. एमबीबीएसची साडेचार वर्षं, मग वर्षभराची इंटर्नशिप. शासकीय महाविद्यालयातून शिकलात तर त्यापुढे एक वर्ष बंधपत्रित सेवा, ती एखाद्या आडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही असू शकते.