खोक्यातून आलेली गाडी

मंडळी, पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्या खेळण्यावर बोलावं, याचं तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. आमच्या घरीही आलं होतं.

गोष्ट सुरू होते ती अकोल्याच्या एका रद्दीच्या दुकानात. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, तेव्हा नुकतंच गॅरेज सुरू झालं होतं. रद्दीत त्याला इंग्लंडचं एक जुनं मोटारींचं मासिक सापडलं. त्यात एका गाडीचं चित्र होतं. लांब नाक, उघडी चाकं, दार नाही, टप नाही, दोन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. नाव लोटस सेव्हन. दादानं ते पान फाडून भिंतीवर खिळ्यानं ठोकलं. शेजारी गजानन महाराजांचा फोटो होता, म्हणून आई काही बोलली नाही.

या गाडीचं थोडं सांगायलाच हवं. कॉलिन चॅपमन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती १९५७ साली काढली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि फोर्डचं साधं ११७२ सीसीचं इंजिन. वजन जेमतेम अर्धा टन, म्हणजे आपल्या पद्मिनीच्या जवळपास निम्मं. चॅपमनचं म्हणणं असं की गाडी पळवायची तर इंजिन मोठं करण्यापेक्षा वजन काढा. बैलगाडीवाल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे पटेल.

पण खरी गंमत तिच्या विक्रीत होती. तयार गाडीवर तिकडे खरेदी-कर लागत असे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून ही गाडी खोक्यांतून सुटी मिळायची आणि घेणारा ती घरीच जोडायचा. जोडणीचं पुस्तक सोबत द्यायला मनाई होती, म्हणून गाडी खोलायची कशी याचं पुस्तक देत आणि ते उलटं वाचायला सांगत, असाही किस्सा सांगतात. १९७३ मध्ये तो कर गेला. लोटसनं गाडी सोडली, केटरहॅम नावाच्या कंपनीनं तिचे हक्क घेतले, आणि तिथून ती आजतागायत सुटी मिळते. कर चुकवायची युक्ती होती तिची हौस झाली. घरी जोडण्यासाठीच लोक ती घेऊ लागले.

दादानं हे वाचलं आणि म्हणाला, "मंग आपणच काऊन नाई बनवायची?"

१९९४ चं साल. अपघातात गेलेल्या एका फियाटचं इंजिन मिळालं, १०८९ सीसीचं. चॅपमनच्या पहिल्या इंजिनाहून थोडंसंच लहान! नळ्या भंगारातून आणल्या. पैसे मात्र आईनं बहिणीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले होते, त्यातले अकरा हजार. मी तेव्हा अमरावतीला डिप्लोमा करत होतो. माझ्याकडे एकच काम होतं: अशी घरी बांधलेली गाडी नोंदवता येते का, याची चौकशी करायची. मी केली नाही. परीक्षा होती, कंटाळा होता, आणि वयही तसंच. पुढच्या शनिवारी अकोल्याला जाऊन मी बेधडक सांगितलं, "विचारलं, होते म्हणतात."

होत नव्हती. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यातला १२६ वा नियम सांगतो की गाडी बनवणाऱ्यानं आधी नमुना-गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून, मंजूर करून घ्यायची. हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी ते रास्तच आहे, पण एक गाडी बनवणाऱ्या गॅरेजवाल्यानं काय करावं? इंग्लंडमध्ये अशा एकुलत्या एका गाडीची वेगळी तपासणी होते आणि पास झाली की नंबर मिळतो. तिथे घराघरांतून गाड्या जोडल्या गेल्या. आपल्याकडे हात कमी नव्हते. वऱ्हाडातल्या जिनिंगच्या फिटरनं काय काय जोडलेलं आहे, ते तुम्ही पाहिलं आहे.

सांगाडा सहा महिने गॅरेजमागे पडून होता. मग किलोच्या भावानं गेला. बहिणीचं लग्न एक वर्ष लांबलं. दादानं मला एका शब्दानं विचारलं नाही. माझ्यापुरता तोच त्रास होता.

२००० नंतर अलिबागला चिंकारा मोटर्सनं सेव्हनच्याच धर्तीची रोडस्टर बांधली. फायबरचं अंग आणि इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. त्या बातमीचं कात्रण दादानं मला दाखवलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. गाडी झाली, महाराष्ट्रातच झाली, फक्त आमची नव्हती.

आता ठोकळे. लेगोचा आजचा ठोकळा डेन्मार्कमधल्या बिलुंडचा, त्याच्या पेटंटचा अर्ज जानेवारी १९५८ मधला. म्हणजे गाडी आणि ठोकळा जवळजवळ बरोबरीचे. त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो. इतकी बारीक मापं साठ-पासष्ट वर्षं सांभाळणं काय असतं, ते लेथवर काम केलेल्याला विचारा. २०१६ मध्ये कार्ल ग्रेट्रिक्स या इंग्रज हौशी माणसानं रचलेली केटरहॅम सेव्हन लेगोनं बाजारात आणली. त्यासाठी आधी दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळवावा लागतो, तो त्याला मिळाला. तुकडे ७७१. पुन्हा गाडी खोक्यातून, सुटी!

मेहुण्याचा मुलगा लीड्सला असतो. त्याच्याकडून मी खोकं मागवलं आणि २०१७ च्या दिवाळीत अकोल्याला नेलं. दादानं सगळे तुकडे स्टीलच्या ताटांत रंगाप्रमाणे निवडले, आई डाळ निवडायची तसे. पुस्तक माझ्या हातात आणि तुकडे त्याच्या. पण तो पुस्तकाच्या पुढेच असायचा. पुढचं नाक निघतं, आत इंजिन दिसतं. त्यानं ते चार वेळा काढून बसवलं. भाऊबीजेला आलेली बहीण म्हणाली, "याच्यापायी लांबलं होतं का माझं लग्न? मले वाटलं मोठी असन."

रात्री सगळे झोपल्यावर मी सांगून टाकलं, की तेव्हा मी चौकशीला गेलोच नव्हतो. दादा एक बारीक करडा तुकडा चिमटीत धरून होता. तो बसवल्यावर म्हणाला, "पह्यले सांगतलं असतं, तरी म्या बनवलीच असती. तू पान पलट."

मला वाटलं होतं तो रागावेल, किंवा निदान माफ केलं असं काही म्हणेल. त्याला गाडी जोडण्यात रस होता. दर दिवाळीला ती आम्ही पूर्ण खोलतो आणि पुन्हा जोडतो. खोलताना दादा पुस्तक शेवटच्या पानापासून धरायला लावतो.

अमरावती-अकोला रस्त्याची अनेक वर्षं काय दशा होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. त्यानंतर एकदा दादाला घेऊन मी अमरावतीहून निघालो. बडनेरा, लोणी मागे पडलं. गाडी हलत नव्हती, पाण्याची बाटलीसुद्धा जागची सरकत नव्हती. दादानं काच खाली केली, रस्त्याकडे बराच वेळ वाकून पाहिलं आणि हाताची वीत करून जमिनीपासूनचं अंतर मोजल्यासारखं केलं.

"या रोडवर चालली असती रे," तो म्हणाला.

माना येईपर्यंत मी गाडी हळूच चालवली.