जुन्या मोटारीची साखळी

जुनी मोटार घेणारा गृहस्थ प्रथम तिचा रंग पाहतो, मग टायर पाहतो, आणि शेवटीं ती किती किलोमीटर धावली तो आंकडा वाचतो. परंतु जिच्यावर एंजिनाचा जीव अवलंबून असतो, ती टायमिंग चेन झांकणाआड असल्यामुळें त्याच्या दृष्टीसच पडत नाहीं.

दट्ट्यांच्या गतीनें फिरणारा क्रँकशाफ्ट आणि झडपा उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ ही साखळी राखते. पहिल्याचे दोन फेरे झाले कीं दुसऱ्याचा एकच झाला पाहिजे. एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असतां प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळां उघडते. साखळी दांत्यावरून घसरली तर हा मेळ मोडतो. पुष्कळ एंजिनांत वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो, आणि कुटुंबाची शिल्लक दुरुस्तींत जाते.

रबरी पट्टा मुदतीनें बदलावा लागतो. साखळी मात्र पोलादी, म्हणून अक्षय, असा समज आहे. तो खरा नव्हे. १८८० सालीं मँचेस्टर येथें हान्स रेनोल्ड यांनीं खिळीभोंवतीं नळी बसवून रोलर साखळीची झीज पुष्कळ कमी केली. पण झीज अजीबात थांबली नाहीं. साखळी ‘लांबते’ ती पोलाद ताणलें गेल्यामुळें नव्हे, तर सांधे झिजल्यामुळें. १०० सांध्यांपैकीं प्रत्येक सांधा मिलिमीटरचा शंभरावा भाग झिजला, तरी साखळी एक मिलिमीटरनें वाढते.

या झिजेवर उपाय एकच, स्वच्छ तेल. जुन्या तेलांतील काजळी व धातूचे कण सांध्यांना घांसत राहतात. साखळी ताणून धरणारा टेन्शनरही बहुतेक एंजिनांत तेलाच्या दाबावरच चालतो. म्हणून कारखान्यानें सांगितलेलें तेल सांगितलेल्या मुदतींत बदलावें, आणि मधून मधून त्याची पातळी पाहावी.

मोटार पाहावयास सकाळीं जावें आणि प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. एंजिन गरम लागल्यास तें थंड होईपर्यंत थांबावें. कारण झिजलेल्या साखळीचा खडखडाट बहुधा थंड एंजिन सुरू होतांना ऐकूं येतो. तसा आवाज आल्यास झांकण उघडून तपासणी करवावी. नव्या तेलानें झिजलेली साखळी आखूड होत नाहीं. ती बदलतांना टेन्शनर व मार्गदर्शक पट्ट्याही बदलाव्या.

मोटार किती धावली, हें विचारणारे पुष्कळ असतात. तेल बदलल्याच्या पावत्या मागणारा मात्र सहसा फसत नाहीं.